वरून मोजलेले रणगाडे, खालून मोजलेले रणगाडे

रविवारची सकाळ आहे, चहाचा कप हातात असेलच. आजचा विषय लष्करी आहे, पण मुलांनाही जवळ बसवा, कारण मूळ प्रश्न एका मुलाचाच आहे.

हॅरोहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आलाय. त्यांचे वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी इथे आलेत. हाफ-टर्मच्या सुट्टीत सगळे मिळून डॉर्सेटला, बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला गेले होते. येताना गाडीत आजोबा आणि नातवाची जुंपली. नातू म्हणाला, "विमानातून एक रॉकेट सोडलं की टँक खलास, मी गेममध्ये रोज करतो." आजोबांची सगळी नोकरी रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये झालेली, ट्रेनिंग अहमदनगरचं. ते म्हणाले, "अरे बाळा, एवढं सोपं असतं तर सरकारनं आम्हाला रणगाडे दिलेच नसते." मग नातवानं हुकमाचा एक्का टाकला. "आजोबा, मग 'बॉर्डर'मध्ये सकाळी विमानं आल्यावर काय झालं?"

ताई विचारतात, दोघांत बरोबर कोण?

उत्तर द्यायला मला आधी फ्रान्सला जावं लागेल. कारण विमानांनी किती रणगाडे फोडले हे प्रत्येक युद्धात सांगितलं जातं, पण नंतर कोणी पायी फिरून ते मोजल्याची उदाहरणं थोडी आहेत. त्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रिटिशांचं, १९४४ च्या ऑगस्ट महिन्यातलं.

नॉर्मंडीत दोस्तांची फौज उतरून दोन महिने झाले होते. अमेरिकन सैन्य अव्हरांशजवळच्या चिंचोळ्या वाटेनं दक्षिणेकडे सुटलं होतं. ती वाट कापायची म्हणून हिटलरच्या हुकमावरून जर्मन रणगाड्यांनी मोर्तां या गावावरून समुद्राच्या दिशेनं धडक मारली. ६ आणि ७ ऑगस्टच्या मधली रात्र होती. सकाळी दाट धुकं होतं, विमानं उडू शकत नव्हती. दुपारच्या सुमाराला धुकं विरलं आणि रस्त्यांवर रणगाड्यांच्या, ट्रकांच्या रांगा उघड्या पडल्या. मग ब्रिटिशांची टायफून विमानं आली. त्या दिवशी त्यांनी जवळजवळ ३०० उड्डाणं केली. जर्मन हवाई दलानं आपल्या सैन्याला संरक्षण द्यायचं कबूल केलं होतं, पण त्यांची विमानं मोर्तांपर्यंत पोचलीच नाहीत.

टायफून म्हणजे हॉकर कंपनीचं एका इंजिनाचं लढाऊ विमान. पंखांत २० मिलिमीटरच्या ४ तोफा, आणि पंखांखाली रुळांवर टांगलेली ८ रॉकेट्स. प्रत्येक रॉकेटच्या डोक्याचं वजन ६० पौंड, म्हणजे साधारण २७ किलो. आठही एकदम सोडली तर एखाद्या युद्धनौकेनं सगळ्या तोफा एकदम डागल्यासारखं, असं तेव्हा कौतुकानं म्हणत.

नंतर हिशेब झाला. वैमानिकांनी परत येऊन जे सांगितलं त्याची बेरीज अशी: टायफूनवाल्यांच्या मते ८४ रणगाडे नष्ट, आणखी काही बहुधा नष्ट, काही नादुरुस्त. अमेरिकन विमानांच्या मते आणखी ६९ नष्ट. म्हणजे निव्वळ नष्ट झालेलेच १५३. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं?

काही दिवसांनी जर्मन मागे हटले आणि तो मुलूख मोकळा झाला. तिथे ब्रिटिश सैन्याबरोबरच्या ऑपरेशनल रिसर्च सेक्शनची माणसं गेली. एरवी प्रयोगशाळेत रमणारे हे लोक वही-पेन्सिल घेऊन शेतांतून आणि झुडपांच्या बांधांतून फिरले. प्रत्येक मोडका रणगाडा त्यांनी जवळून पाहिला. तोफगोळ्याचं भोक वेगळं दिसतं, रॉकेटचा घाव वेगळा दिसतो, आतून सुरुंग लावून स्वतःच उडवून दिलेला रणगाडा आणखी वेगळा दिसतो. त्यांना रणगाडे आणि रणगाड्याच्या चाकांवरच्या तोफा मिळून ४६ सापडल्या. त्यांतल्या विमानांच्या शस्त्रांनी नष्ट झालेल्या फक्त ९.

आकडा पुन्हा सांगतो. वरून मोजले १५३, जमिनीवर विमानांच्या नावावर निघाले ९.

जर्मनांनी जाताना काही मोडके रणगाडे ओढून नेले असतील, हे धरलं तरी एवढी तफावत भरून निघत नाही. सापडलेल्यांत बरेचसे अमेरिकन सैन्यानं जमिनीवरून फोडले होते. मोर्तांच्या डोक्यावरची ३१४ नंबरची टेकडी एका अमेरिकन तुकडीनं वेढा पडल्यावरही सोडली नव्हती, आणि खालच्या रस्त्यांवर रणगाडाविरोधी तोफा होत्याच. उरलेल्यांपैकी कितीतरी रणगाड्यांना ओरखडाही नव्हता. ते नुसते सोडून दिलेले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग वैमानिक खोटं बोलत होते का? अजिबात नाही. तुम्ही स्वतः टायफूनमध्ये आहात असं समजा. विमान सूर मारतंय, वेग ताशी ६०० किलोमीटर. म्हणजे एक किलोमीटर अंतर सहा सेकंदांत संपतं. खालून तोफांचा मारा चालू आहे. रणगाडा दिसतो तो काडेपेटीएवढा. रॉकेट बंदुकीच्या गोळीसारखं सरळ जात नाही. सुटल्यावर ते हळूहळू वेग घेतं आणि तोवर खाली येत राहतं, म्हणून किती अंतरावरून सोडतोय याचा अंदाज वैमानिकाला नजरेनंच बांधावा लागायचा. त्यात त्याला मागे शेपटीचे पंख असतात. विमान जरा जरी आडवं सरकत असलं तर रॉकेट वाऱ्याच्या दिशेनं तोंड फिरवतं. आपल्याकडे छपरावरचा वाऱ्याचा कोंबडा फिरतो ना, तसं. एवढं सगळं जमलं तरी पुढचं दिसत नाही, कारण ८ रॉकेट्स फुटल्यावर धूळ आणि धूर एवढा उसळतो की रणगाडा त्यात गडप होतो. वैमानिक वळून वर निघतो आणि मनात धरतो, लागलं. पाठोपाठ येणारा दुसरा वैमानिक तोच धूर बघतो, तोच रणगाडा मोजतो. आधीच मेलेल्या रणगाड्यावर तिसरा पुन्हा मारा करतो.

नेमबाजी खरोखर किती कठीण होती याचीही चाचणी झाली होती. पकडलेला एक पँथर रणगाडा मोकळ्या मैदानात उभा केला आणि नीट दिसावा म्हणून त्यावर पांढऱ्या खुणा रंगवल्या. समोरून कोणी गोळी झाडत नव्हतं. टायफूननी त्यावर ६४ रॉकेट्स सोडली. लागली ३.

लागलं तर मात्र काम तमाम व्हायचं, हेही खरं आहे. रणगाड्याचं चिलखत सगळीकडे सारखं नसतं. बॉव्हिंग्टनला टायगर १३१ बघितलात ना, ५७ टनांचा? त्याच्या पुढच्या बाजूला १०० मिलिमीटर पोलाद आहे, कुशीला ६० ते ८०. पण छताला फक्त २५, आणि पोटालाही तेवढंच. शत्रू समोरून येणार असं धरून चिलखत घातलेलं असतं. सगळीकडे १०० मिलिमीटर घालायचं म्हटलं तर ते धूड जागेवरून हलायचं नाही. म्हणून वरून येणाऱ्याला फायदा मिळतो, पण तो आधी नेम साधला तरच.

इथे एका जुन्या दंतकथेची वासलात लावून टाकतो, कारण काही माहितीपटांत ती अजून दिसते. अमेरिकन वैमानिक अर्ध्या इंची मशीनगनच्या गोळ्या रणगाड्याच्या मागच्या रस्त्यावर मारायचे, त्या उसळून टायगरच्या पोटात शिरायच्या, असं सांगतात. रस्त्यावर आपटून चपटी झालेली, निम्मा जोर गमावलेली आणि तिरपी लागणारी गोळी २५ मिलिमीटर पोलादातून जात नाही. रणगाड्यावर लादलेल्या पेट्रोलच्या डब्यांनी पेट घेतलेला मात्र वरून झकास दिसतो.

तर मग टायफूननी केलं काय? इथे आजोबांचा मुद्दा आपण जरा बाजूला ठेवू, कारण मोर्तांचा जर्मन हल्ला त्या दुपारी खरोखर थांबला. जर्मन अधिकाऱ्यांनीही विमानांचं नाव घेऊन तसं सांगितलं. ९ रणगाड्यांनी एवढी मोठी धडक थांबत नाही.

पहिली गोष्ट इंधनाची. पँथर रणगाड्याच्या टाकीत सुमारे ७३० लिटर पेट्रोल मावायचं आणि त्यावर तो चांगल्या रस्त्यानं दोन-अडीचशे किलोमीटर जायचा. शेतातून, चढावरून गेला तर त्याच्या बराच आत. म्हणजे रणगाड्यामागे टँकर हवा, दारूगोळ्याचा ट्रक हवा, दुरुस्तीची गाडी हवी, जेवणाची गाडी हवी. यांपैकी कोणालाही चिलखत नसतं. ट्रकवर नेम धरायला रॉकेट लागतच नाही, टायफूनच्या २० मिलिमीटरच्या तोफा पुरतात, आणि त्या तोफांचा नेम रॉकेटपेक्षा पुष्कळ चांगला असायचा. त्याच महिन्यात पुढे फालेजच्या वेढ्यात संशोधकांनी पुन्हा मोजणी केली तेव्हाही हेच दिसलं. विमानांनी मारलेल्या रणगाड्यांपेक्षा मारलेले ट्रक कितीतरी जास्त, आणि पेट्रोल संपल्यामुळे किंवा रस्ता तुंबल्यामुळे मालकांनीच सोडलेले किंवा जाळलेले रणगाडे ढीगभर.

दुसरी गोष्ट माणसाची, आणि आजोबांना ती माझ्यापेक्षा जास्त कळेल. रणगाड्याच्या आत बसलेल्याला आकाश दिसत नाही. फक्त आवाज येतो. वरून रॉकेट्सचा तो कर्कश आवाज आला की नवशिके जवान झाकण उघडून बाहेर उड्या मारायचे आणि खंदकाकडे पळायचे. जुने जाणते आतच बसून राहायचे, कारण त्यांना अनुभवानं ठाऊक होतं की सगळ्यात सुरक्षित जागा तीच आहे. पकडलेल्या सैनिकांच्या जबान्यांतून हे पुन्हा पुन्हा आलं. मोर्तांला न मोडताच सोडलेले रणगाडे सापडले त्यामागे हे एक मोठं कारण.

बॉव्हिंग्टनचा टायगर १३१ सुद्धा असाच हाती आला, फक्त तिथे विमान नव्हतं. एप्रिल १९४३, ट्युनिशिया. ब्रिटिश रणगाड्याचा गोळा लागून त्याचं टरेट अडकलं आणि आतले जवान तो सोडून निघून गेले. मोडला नाही म्हणून तर आज म्युझियमवाले तो चालवून दाखवू शकतात.

आता नातवाच्या हुकमाच्या एक्क्याकडे येऊ. लोंगेवाला, राजस्थान, ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ची रात्र. 'बॉर्डर' आपण सगळ्यांनी पाहिलाय, जॅकी श्रॉफही आठवत असेल, म्हणून कथा सांगत नाही. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सुमारे १२० जवान चौकीवर होते, आणि समोरून पाकिस्तानी रणगाडे आले, चिनी टाइप ५९ आणि जुने शर्मन. जैसलमेरच्या तळावर मूठभर हंटर विमानं होती. रात्री मारा करायची सोय त्यांत नव्हती, त्यामुळे चौकीला उजाडेपर्यंत एकटीनं तग धरावा लागला. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं आणि चौकीपुढच्या काटेरी तारेनं ती रात्र काढली. पुढे सुरुंग पेरले असतील या शंकेनं शत्रू त्या तारेपाशी थबकला होता.

उजाडल्यावर हंटर आले, आणि मोर्तांला ज्या ज्या अडचणी होत्या त्यातली इथे जवळजवळ एकही नव्हती. धुकं नाही, झाडं नाहीत, बांध नाहीत. दूरवर पसरलेल्या वाळूत रणगाड्याची सावलीसुद्धा लपत नाही. रेतीत काही रणगाडे रुतलेले. त्यांच्यावर संरक्षणाला पाकिस्तानी विमानं आली नाहीत, खालून होणारा मारा तुटपुंजा. लांबचा पल्ला मारायचा म्हणून रणगाड्यांच्या पाठीवर इंधनाचे ड्रम बांधलेले. आणि वैमानिकाला घाई नव्हती. एकदा नेम चुकला तर वळून परत यायचं, पुन्हा चुकला तर पुन्हा. हंटरच्या नाकात ३० मिलिमीटरच्या ४ एडन तोफा होत्या. 'एडन' या नावातली शेवटची दोन इंग्रजी अक्षरं एनफिल्ड गावाची. हो, उत्तर लंडनमधलंच एनफिल्ड, आपल्यापैकी कित्येक जण राहतात ते. या तोफा वरून, मागच्या बाजूनं, इंजिनावरच्या पातळ पत्र्यावर चालल्या. विमानातून काढलेल्या फोटोंत वाळूवर रणगाड्यांच्या चाकोऱ्यांची गोल गोल वेटोळी दिसतात. विमान चुकवायला ते जागच्या जागी फिरत होते. मोठी धडक तिथेच संपली.

म्हणजे नातू बरोबर? लोंगेवालापुरता, हो. पण तिथेही फुटलेल्या रणगाड्यांची संख्या कोण सांगतोय त्याप्रमाणे थोडी कमी-जास्त होते, आणि किती चौकीनं फोडले, किती विमानांनी, यावर आपल्याच निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये नंतर बरीच वर्षं वाद झाला. काहींनी तर चौकी लढलीच नाही इथपर्यंत मजल मारली. माझं वैयक्तिक मत असं की हा वादच चुकीच्या खातेवहीत मांडलेला आहे. रात्रभर चौकी उठली नाही म्हणून सकाळी रणगाडे तिथेच, उघड्यावर सापडले. मोर्तांच्या टेकडीवरच्या अमेरिकनांनी तेच केलं होतं. जमिनीवर कोणीतरी रणगाड्याला रोखून धरलेलं असलं की विमानाचं काम सोपं होतं. रणगाडा मोकळा पळत असला, झाडाखाली शिरू शकत असला, की विमान वर घिरट्या घालत राहतं.

याचा पुरावा हवा असेल तर १९९९ चं कोसोवो बघा. ७८ दिवस नाटोची अत्याधुनिक विमानं वरून मारा करत होती, खाली नाटोचं पायदळ नव्हतं. युद्ध संपताना सांगितलं गेलं की सुमारे १२० सर्बियन रणगाड्यांवर मारा यशस्वी झाला. नंतरच्या अधिकृत तपासणीत तो आकडा ९३ वर आला. पुढच्या वर्षी न्यूजवीकनं हवाई दलाच्याच एका दडवलेल्या अहवालाच्या आधारे १४ म्हणून छापलं. सर्बियन सैन्यानं लाकूड आणि ताडपत्रीचे खोटे रणगाडे उभे केले होते, खरे जंगलात लपवले होते. ५५ वर्षांत विमान बदललं, शस्त्र बदललं, मोजणीचं दुखणं तेच राहिलं.

शस्त्र मात्र खरंच बदललं आहे. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकनांच्या लक्षात आलं की रात्री वाळू लवकर थंड होते, पण पोलादाचा रणगाडा बराच वेळ कोमट राहतो. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात तो चमकतो, आणि लेसरनं वाट दाखवलेला ५०० पौंडी बॉम्ब एकेका रणगाड्यावर टाकता येतो. ब्रिटिशांचं ब्रिमस्टोन क्षेपणास्त्र तर स्वतःचं छोटं रडार घेऊन जातं आणि समोर रणगाडा आहे की ट्रक हे ओळखतं. टायफूनच्या वैमानिकाला सहा सेकंदांत जे डोळ्यांनी करावं लागायचं ते काम आता यंत्र करतं. आणि युक्रेनमध्ये काही शे पौंडांचं ड्रोन रणगाड्याच्या त्याच पातळ छतावर येऊन बसतं. म्हणून तिथल्या रणगाड्यांच्या डोक्यावर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे दिसतात. बातम्यांत मुलांनी विचारलं तर सांगा, छताला २५ मिलिमीटर, हे उत्तर तिथलंही आहे.

एक जुळणारी गोष्ट राहिली. टायफून आणि हंटर, दोन्ही विमानं एकाच माणसाच्या डोक्यातून आली. सर सिडनी कॅम, विंडसरचे. सुताराचा मुलगा. हरिकेनही त्यांचंच. स्लाव आणि विंडसरकडच्या मंडळींनी थेम्सकाठच्या अलेक्झांड्रा गार्डनमध्ये चक्कर मारली की खांबावर उभारलेली हरिकेनची पूर्ण आकाराची प्रतिकृती दिसते, ती त्यांच्याच स्मरणार्थ. आणि टायफून बघायचं असेल तर हेंडनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम. नॉर्दर्न लाइननं कॉलिंडेलला उतरा, प्रवेशाला पैसे नाहीत. जगात पूर्ण शिल्लक असलेलं टायफून एवढं एकच, त्यांच्या मालकीचं. फिरवाफिरवीवर असतं कधी कधी, तेव्हा निघण्याआधी वेबसाइट पाहा. त्याच्या नाकाखालचा मोठा जबडा बघा. तो इंजिन थंड ठेवायचा रेडिएटर. त्याला खालून एक गोळी लागली तरी पाणी वाहून जायचं आणि काही मिनिटांत इंजिन बंद.

म्हणून टायफूनचे वैमानिक फार गेले. नॉर्मंडीत, काँ शहराच्या नैर्ऋत्येला नोय्येर-बोकाज नावाचं छोटं गाव आहे, तिथे त्यांचं स्मारक आहे. त्या एका उन्हाळ्याच्या लढाईत मेलेल्या १५१ टायफून वैमानिकांची नावं दगडावर आहेत. बहुतेक विशीतली पोरं. आपण फोडलेला रणगाडा खरोखर फुटला की नाही, हे त्यांच्यातल्या कोणालाच खाली उतरून बघायला मिळालं नाही.

पोर्ट्समथहून विस्ट्रेआमला रात्रीची फेरी असते. सकाळी उतरल्यावर गाडीनं नोय्येर-बोकाजला जाता येतं, आणि पुढे दक्षिणेला मोर्तांच्या ३१४ नंबरच्या टेकडीवर पायवाटेनं चढता येतं. वर एक छोटं चॅपेल आहे आणि हवा स्वच्छ असली तर तो सगळा मुलूख खाली पसरलेला दिसतो. हॅरोच्या ताई, आजोबांचे सहा महिने संपायच्या आत जमलं तर बघा. आजोबांना जमिनीवरून किती दिसतं आणि नातवाला टेकडीवरून किती दिसतं, ते दोघांना तिथेच ठरवू द्या. आणि परत आल्यावर व्हॉइस मेसेज पाठवा, आम्ही वाट बघतोय.

पुढच्या रविवारी याच वेळी भेटू. नमस्कार.